शनिवार पाळणारे त्रेचाळीस जण

आदिलाबादेत अर्ज भरून घ्यावा तर नागोरावाकडून, असं लोक म्हणतात. आधी हे मी एकटाच म्हणत होतो, पण वीस वर्षं सतत म्हटल्यावर लोकही म्हणायला लागले. मी एका सरकारी कचेरीत कारकून. रेशनकार्डाचा अर्ज, बदलीचा अर्ज, झालेली बदली रद्द करण्याचा अर्ज, म्हाताऱ्यांची उर्दू वळणाची दरखास्त, सगळं माझ्या पेनातून गेलेलं. माझं इंग्रजी तर इतकं भारदस्त, की आमचे साहेब ते उभं राहून वाचायचे. बसून वाचलं तर झोप लागते, असं त्यांनी एकदा सांगितलं, पण तो भाग वेगळा.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. आमच्या गल्लीत एका ओळीत आम्हा बौद्धांची घरं, समोरच्या ओळीत किराणा, भाजी, शिलाई असं काहीबाही करणाऱ्या हिंदूंची. गल्लीच्या टोकाला सरकीच्या तेलाची गिरणी होती आणि तिथल्या क्वार्टरात इलायजा झिराडकर मिस्त्री राहायचे. मिस्त्री ज्यू. मूळचे कोकणातले, घरात आपल्यासारखीच मराठी बोलणारे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी गिरणीचं मशीन बसवायला आले, ते मशीन बसलं आणि मिस्त्रीही इथंच बसले. बायको वारली. मागे एक मुलगी, दीना. अख्ख्या आदिलाबादेत ज्यू समाज म्हणजे हे दोघे बापलेक. त्यांचा धर्म नेमका कोणता हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. पोस्टमन त्यांना ईदलाही शुभेच्छा द्यायचा आणि नाताळालाही. मिस्त्री दोन्ही वेळा "तुम्हालाही" म्हणायचे.

दीना तेव्हा तेवीस वर्षांची. खाजगी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या विहाराच्या ओट्यावर दहावीत गटांगळ्या खाणाऱ्या पोरापोरींचा फुकट वर्ग घ्यायची. माझा पुतण्या गणितात पास झाला तो तिच्यामुळे. त्याला गणित येतं यावर आमचा अजून विश्वास नाही.

एके दिवशी ती जाडजूड पाकीट घेऊन आमच्याकडे आली.

"काका, मुंबईहून आलं. आमच्या समाजाच्या संस्थेकडून."

मी चष्मा लावला. ज्यू तरुणांना परदेशी पाठवायची योजना होती. इस्राएलात एका शेतवसाहतीवर पाच महिने राहायचं. तिथं सगळे मिळून राबतात, सगळे एका पंगतीला जेवतात. सकाळी काम, दुपारी त्यांची भाषा शिकायची. पुढे वाटलं तर शिक्षण, नाहीतर नोकरी, नाहीतर एखाद्या दवाखान्यात सेवा. मुंबईबाहेरच्यांसाठी फक्त दोन जागा होत्या.

"मिस्त्री काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले, जा. पण परत परत विचारू नको, नाहीतर मी नको म्हणेन."

माझी बायको विमल चहा गाळत होती, ती थांबली. मग दीना म्हणाली, "अर्ज मीच भरते, काका. तुमी फक्त नजर टाका एकदा."

आता मला सांगा, सर्जनला कोणी म्हणतं का, की ऑपरेशन मी करतो, तुम्ही फक्त नजर टाका?

"तू शाळेचे पेपर तपास," मी म्हणालो. "हे माह्यावर सोड."

तिनं सोडलं. तिचं चुकलं असेल तर तेवढंच.

अकरा दिवस मी तो अर्ज भरत होतो. पहिलं पान सोपं होतं, नाव, वय, वगैरे. ते मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत उरकलं. दुसरं पान मात्र कठीण. तिथं विचारलं होतं, तुमच्या कम्युनिटीत तरुण मंडळी किती? मी डिक्शनरी काढली. पहिलाच अर्थ होता वस्ती. आपल्या वस्तीत तरुण किती? दीनाच्या वर्गाचं हजेरीपत्रक विहारातच असायचं. मोजले, त्रेचाळीस भरले. लिहिले त्रेचाळीस.

पुढचा प्रश्न, त्यांच्याशी तुमचा संबंध काय? मी लिहिलं, अर्जदार त्यांना रोज संध्याकाळी एकत्र जमवून मार्गदर्शन करते.

त्यापुढचा, ही मंडळी शब्बाथ पाळतात का? परत डिक्शनरी. शब्बाथ म्हणजे शनिवार.

"विमल," मी आत हाक मारली, "आपल्या गल्लीत शनिवार कोण कोण पाळते वं?"

"आपण तर नाही पाळत," ती म्हणाली. "समोरच्या ओळीत सारेच पाळतात. सोजरबाईची पोरं उपास करतात, तेल घेऊन जातात मारोतीले. काऊन?"

"काही नाही, सरकारी काम."

आणि मी माझ्या भारदस्त इंग्रजीत लिहिलं, की यातले बरेच जण शनिवार कटाक्षाने पाळतात, उपवास करतात आणि त्या दिवशी तेलाला विशेष महत्त्व असते. खाली झोकदार सही ठोकली. दुसऱ्या पानाची कार्बन प्रत ठेवली, रजिस्टर केलं आणि दीनाला सांगितलं, "तू आता बॅग भराले लाग."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पाकिटावर 'मिस नागोराव' असं टाइप केलेलं. मुंबईच्या टायपिस्टची चूक म्हणून मी ती मोठ्या मनानं सोडून दिली. रविवारी सकाळी मिस्त्रींच्या अंगणात बसून मी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. दीना उंबऱ्यावर बसली होती. भीमपूरहून भाजी आणणारा फकिरा दारातच विमलला वांगी तोलून देत होता.

पत्रात लिहिलं होतं, की अर्ज वाचून आमच्या समितीत आनंदाचे अश्रू वाहिले. आदिलाबादेत आपल्या समाजाचे त्रेचाळीस तरुण आहेत याची आम्हाला कल्पना नव्हती. ते अजून शनिवार पाळतात आणि तेलाशी नातं राखून आहेत हे वाचून तर आमच्या ज्येष्ठांना शब्द सुचेनात. समितीच्या नवगावकरबाई येत्या रविवारी स्वतः येत आहेत. सर्व त्रेचाळीस जणांना भेटून त्यांच्या परदेशातल्या शिक्षणाचा, कामाचा आणि सेवेचा विचार केला जाईल.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"नागोराव, तेलाचं काय लिहिलंत तुम्ही?"

"खरं तेच लिहिलं. पण त्यांना एवढं भरून काऊन आलं?"

मिस्त्रींनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. लोक त्यांना शनिवार तेलीच म्हणायचे. मुंबईच्या मंडळींना वाटलं, शेकडो वर्षांपूर्वी कोकणातून सुटलेली एक अख्खी फांदी आदिलाबादेत सापडली.

दीनानं कार्बन प्रत मागितली. ती सावकाश, दोनदा वाचली.

"यात एकही वाक्य खोटं नाही," मी म्हणालो.

"हो, काका. त्याचंच भेव वाटून राह्यलं."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद नीट घडी करून मला परत दिला. "दोनच जागा होत्या," ती म्हणाली. "आता त्यायले वाटेल का आमी फसवलं." आणि आत निघून गेली. मिस्त्रींनी पाना उचलला आणि ते पुसत बसले. पाना स्वच्छ होता.

मी तडक एसटीडी बूथवर गेलो. चार दिवस रोज गेलो. दोन दिवस लाइन लागली नाही, तिसऱ्या दिवशी लागली ती एका दातांच्या डॉक्टरकडे. चौथ्या दिवशी संस्थेतल्या बाईंनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "नवगावकरबाई निघाल्या. वाटेत औरंगाबादला बहिणीकडे थांबून तुमच्याकडे येतील. सगळ्यांसाठी खजूर घेतलेत त्यांनी. त्रेचाळीस पुड्या."

इकडे मी फकिराला विसरलोच होतो. त्या रविवारी वांगी तोलता तोलता त्यानं मला विचारलं होतं, "बावा, हे शनिवारवाल्यायले कुठं नेऊन राह्यले?"

"परदेशात," मी माझ्याच विचारात होतो.

"काय कराले?"

"शेतीकाम. अन् शिक्षण, नोकरी."

"शनिवार पाळणारालेच?"

"हो, पण..." असं मी म्हणालो, एवढं मला पक्कं आठवतं. पण तोवर तराजू सायकलला अडकवून फकिरा निघाला होता. माझा 'पण' आदिलाबादेतच राहिला आणि बाकीची बातमी भीमपूरला पोचली.

पुढचा रविवार उजाडला. मी विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकायला गेलो तर आधीच शंभर-सव्वाशे माणूस बसलेलं. दीनाचा अख्खा वर्ग होता. त्यांच्यामागे भीमपूरची पोरं, डोक्याला तेल चोपडून, कपाळाला शेंदूर लावून. सोजरबाई आपल्या तिन्ही पोरांना इस्त्रीच्या कपड्यांत घेऊन आली होती. आमच्या ओळीतला एक बौद्ध पोरगाही सगळ्यांत पुढे होता.

"तू कधीपासून शनिवार पाळाले लागला?" मी विचारलं.

"कालपासून," तो म्हणाला. "लई भूक लागते, काका."

मी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. फकिरा उठून म्हणाला, "नागोरावभाऊ, आमी खेड्यातले म्हणून आमाले काढून देऊन राह्यले का?" यावर सगळीकडून "बराबर आहे" असा आवाज आला. तेवढ्यात नांदेडच्या बसनं आलेल्या नवगावकरबाईंची रिक्षा गल्लीत शिरली.

साठीच्या बाई, पांढरी साडी, हातात फाईल, मागे खजुराचं खोकं. एवढी गर्दी पाहून त्या रिक्षातच थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी कोणी उटनूरच्या जंगलात सोडून दिलं असतं तर मी पायी परतलो नसतो.

ओट्यावर खुर्ची मांडली होती. बाई बसल्या. मी पुढे होऊन "मॅडम, थोडं बोलायचं होतं" म्हणालो, पण त्यांनी हातानं थांबवलं आणि फाईल उघडली.

"आधी अर्जदार. मिस नागोराव कोण?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"कुमारी नागोराव," बाईंनी परत वाचलं. "वय तेवीस, अविवाहित."

विमल दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. वीस वर्षं दिसेल त्या कागदावर आपलंच नाव लिहायची माझी सवय. पहिल्या पानावरही मी तेच केलं होतं.

"मी नागोराव," मी म्हणालो. माझं वय त्रेचाळीस होतं आणि मिशी होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग कागद बाजूला ठेवून त्या पोरांकडे वळल्या. आवाज अगदी मायेचा.

"बाळांनो, शनिवारी तुम्ही काय करता?"

"उपास," साठ-सत्तर जण एकदम म्हणाले.

"आणि तेल?"

"मारोतीले वाहतो."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "हा मारोती कोण?"

मागच्या रांगेतून भीमपूरचा एक उंच पोरगा उठून उभा राहिला. "मी, मॅडम," तो म्हणाला. "पण मले कोणी तेल नाही वाहत."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी दीना पुढे आली. तिनं बाईंच्या पायाशी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ही तिच्या वर्गातली पोरं, ही शेजारची, ही भीमपूरची. तिच्या समाजाचे इथं दोघंच, ती आणि बाबा. "नागोरावकाकांनी चांगलं व्हावं म्हणून केलं. त्यांना कम्युनिटी म्हणजे वस्ती वाटली. तुम्ही एवढ्या लांब आलात, आम्हाला माफ करा. मला नाही घेतलं तरी चालेल, पण आम्ही फसवलं असं लिहू नका."

त्रेचाळीस सापडलेले पुन्हा हरवताना बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होते. मग त्यांनी विचारलं, "तुला जायचं कशासाठी आहे?"

दीना थोडा विचार करून म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात दिवा लागतो. सबंध गावात तो एकच. एका रांगेत पाच-पन्नास घरांत लागला तर कसा दिसतो, ते एकदा पाहायचंय."

मिस्त्री गर्दीच्या कडेला उभे होते. ते वळून गिरणीकडे बघायला लागले.

बाईंनी नाक पुसलं आणि पर्समधून कोरा अर्ज काढला. "हा आत्ता, माझ्यासमोर, स्वतः भर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून पुढं जोडलं, "एकटीनं."

दीनानं तो दहा मिनिटांत भरला. मी लांबून पाहिलं. मला ज्याला अकरा दिवस लागले त्यातल्या प्रत्येक रकान्यात तिनं एक-एक ओळ लिहिली. कम्युनिटीत तरुण किती, तिथं 'एक'.

फकिरा अजून बसलाच होता. "मॅडम," तो म्हणाला, "आमचा शनिवार नाही चालत का?"

"तुमचा शनिवार छान आहे," बाई म्हणाल्या, "पण ही योजना आमच्या समाजाच्या मुलांसाठी आहे. आणि आमचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो."

"मंग आमी शुक्रवारपासून धरतो."

बाई हसल्या. इतका वेळ आत दाबलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारख्या हसल्या, खुर्चीचा दांडा धरून. मग त्यांनी खोकं उघडलं. शंभर माणसांत त्रेचाळीस पुड्या वाटायच्या होत्या. विमलनं पुड्या फोडून ताटात ओतल्या आणि प्रत्येकाला दोन-दोन खजूर आले. कालपासून शनिवार पाळणाऱ्या आमच्या पोरानं सहा खाल्ले.

महिन्याभरानं दीनाची निवड झाल्याचं पत्र आलं. पाकिटावर तिचंच नाव होतं. ज्या दिवशी ती निघाली, बस स्टँडवर अख्खा वर्ग होता. फकिरानं वाटेसाठी काकड्या आणल्या, त्या विमानात चालत नाहीत हे त्याला कोणी सांगितलं नाही. मिस्त्रींनी तिची बॅग टपावर बांधली, दोर तीनदा तपासला, खाली उतरून "पोचलीस की लिही" एवढंच म्हणाले. बस वळली तरी ते अजून दोराची गाठ धरल्यासारखे हात करून उभे होते.

त्या शुक्रवारी संध्याकाळी विमल म्हणाली, "मिस्त्री एकटे दिवा लावतील. चला, बसू जरा."

आम्ही गेलो, तर वर्गातली पंधरा-वीस पोरं आधीच अंगणात. कोणी बोलावलं नव्हतं. फकिराही होता, सायकल भिंतीला टेकवून. मिस्त्रींनी आम्हाला पाहिलं आणि आतून सतरंजी आणून टाकली. मग धुतलेली टोपी घातली, काचेच्या पेल्यातल्या तेलात वात सोडली, पेटवली. मराठी अक्षरांत छापलेलं त्यांचं हिब्रू प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्यातून हळू आवाजात वाचायला लागले. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, पण पोरं परीक्षेच्या हॉलमध्ये बसत नाहीत इतकी शांत बसली होती.

एका ठिकाणी मिस्त्री थांबले. त्यांनी डोळे मिटले. बहुतेक दीनाची आठवण आली असावी. शांतता लांबली. मला वाटलं, प्रार्थना संपली, आता कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं, आणि इथं शिकलेला, जाणता माणूस मीच. मी हात जोडून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "जय भीम!"

पंधरा-वीस पोरांनी एका सुरात "जय भीम" म्हटलं. फकिरा सवयीनं "राम राम" म्हणाला. सगळे उठून चपला शोधायला लागले.

मिस्त्रींनी डोळे उघडले. दीना गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

"बसा, नागोराव," ते म्हणाले. "अजून अर्धी बाकी आहे."